मेल्याला तेल

"वरडलं! आयला, पुन्ना वरडलं!"

कामावरच्या शामूनं यंत्राचं मोठं चाक सोडलं आणि कारखान्याच्या दारातून जी उडी मारली ती थेट गटाराच्या पलीकडं. दाराशी जमलेली गर्दी एकदम मागं सरली. कुणाच्या पायावर कुणाचा पाय पडला, एका म्हातारीचं लुगडं फाटलं, पोरं रडायला लागली. आणि लगेच सगळी गर्दी पुन्हा पुढं सरकली. भूत म्हणजे भीतीही वाटली पाहिजे आणि दिसलंही पाहिजे, दोन्ही एकदम!

मीही त्या गर्दीत होते. मी निपाणीच्या मुलींच्या शाळेतली मास्तरीण, आणि हा कारखाना माझ्या बिऱ्हाडासमोरच. आवाज मी माझ्या कानांनी ऐकला, खोटं कशाला बोलू? दोन टोकांमध्ये धरलेला लोखंडी दांडा आधी मुकाट्यानं फिरत होता. मग कण्हल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मग ते वाढत वाढत अशी किंचाळी झाली की माझ्या दाढा शिरशिरल्या.

दारात भावकू देवरशी उभा होता. नदीकाठच्या कुठल्याशा वाडीतला हा गृहस्थ. कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्या, हातात मोरपिसांचा कुंचा. गर्दी पुरेशी जमली की नाही ते त्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून घेतलं आणि यंत्राकडं तोंड करून गरजला, "यारु नी? कोन हाईस तू? होरगे बा! भाईर ये!"

निम्मं कानडी, निम्मं मराठी. ज्याला जे कळेल ते त्यानं घ्यावं, भुतासकट.

मग त्यानंच घोगरा आवाज काढून उत्तर दिलं, "मी मारुती मिस्त्री... उपाशी हाय मीऽऽ!"

ओट्यावर बसलेल्या जयाबाईंनी तोंडात पदर कोंबला. मारुतीराव मिस्त्री म्हणजे त्यांचे यजमान, वारून बरीच वर्षं झालेले.

"मिस्त्रीच्या मानंवरची पकड ढिली करा," भावकूनं हुकूम सोडला. "घास अडकंल त्येंच्या गळ्यात."

मिस्त्रींचा मुलगा ज्योतिबा पुढं झाला आणि त्यानं दांडा आवळून धरणारा स्क्रू थोडा सैल केला. भावकूनं लोण्याचा गोळा घेतला, त्यात झोळीतला अंगारा कालवला, पुटपुटत फेऱ्या मारल्या आणि दांड्याच्या उजव्या टोकाला ते लोणी चोपडलं. शामूला ढकलत ढकलत परत चाकाशी आणलं. चाक फिरलं, पट्टा फिरला, दांडा फिरला. आवाज नाही!

"जेवला बघा मिस्त्री," भावकू म्हणाला आणि दक्षिणेचं कोंबडं बगलेत मारून चालता झाला. माणसं त्याच्या पायाची माती कपाळाला लावत होती. मी मात्र घरी येऊन नुसत्या येरझाऱ्या घातल्या. काहीतरी डोळ्यांसमोर घडलं होतं आणि ते मला कळलं नव्हतं, ह्यापरता छळ नाही.

ही छत्तीस सालची गोष्ट. मारुतीरावांनी हयातीत कुठूनसा एक विलायती लेथ आणला होता. उसाच्या चरकाचे दांडे, विहिरीवरच्या पंपांचे दांडे, असली कामं ते त्यावर कातून देत. ते गेले तेव्हा ज्योतिबा लहान होता. लेथ गोणपाटात गुंडाळून मागं सारला गेला आणि त्यावर कोंबड्या अंडी घालू लागल्या. ज्योतिबा पुढं बेळगावात सायकलच्या दुकानात कामाला लागला, येळ्ळूरची मालू त्याची बायको झाली, आणि यंदा दोघं निपाणीला परत आले ते बापाचा लेथ चालवायचा म्हणून. रॉकेल आणि काथ्या घेऊन नवराबायकोनं त्याचा गंज खरवडला. हात सोलले, नखं काळी झाली. जिथं जिथं तेलाचं भोक दिसलं तिथं तिथं ज्योतिबानं तेल सोडलं. नवा पट्टा चढवला. गुऱ्हाळांचा हंगाम तोंडावर होता, कामं आली होती. आणि पहिलाच दांडा चढवला तो हा असा वरडला!

जयाबाई तर तिथंच मटकन खाली बसल्या होत्या. कारण तापात शेवटच्या घटका मोजताना मिस्त्रींनी त्यांचा हात धरून सांगितलं होतं, "मेल्याला तेल घालत जा. कोरडं ठेवू नगंस, वरडंल."

मेलेल्या माणसाचं मागणं कोण मोडणार? जयाबाईंनी मागच्या दारी एक दगड मांडला होता आणि दर अमावास्येला त्यावर तेल घालत आल्या होत्या. घरात फोडणीला थेंब नसला तरी दगडाला तेल चुकलं नव्हतं. तरीही आता वरडलं, म्हणजे आपलंच कुठंतरी चुकलं, असं त्यांच्या मनानं घेतलं. भावकूला एवढं पुरे होतं. जयाबाईंनी सगळं त्याला रडत रडत सांगितलं आणि त्यानं तेच घोगऱ्या आवाजात त्यांना परत ऐकवलं.

लोण्याचं जेवण फार दिवस पुरलं नाही. लेथ पुन्हा वरडला. भावकू पुन्हा आला, लेथ पुन्हा गप्प. पुन्हा वरडला. कोंबडं झालं, बोकड झाला. एकदा ज्योतिबानं विचारलं, "बुवा, आखूड तुकडा कातला तर वरडत न्हाय, लांब दांड्यालाच का वरडतंय?" तर भावकूनं डोळे मिटले आणि म्हणाला, "खुळ्या, लांब दांडा म्हंजे तिरडीचा बांबू! मिस्त्रीला आठवन येती." आणि लोकांनी माना डोलावल्या! देवा रे, माना डोलावल्या!

तेवढ्यात मालू मागून म्हणाली, "मग बुवा, लोणी टोकालाच का लावता? मामंजींना जेवू घालायचं तर मधी लावलं तरी चालंल की."

भावकूचा चेहरा मी पाहिला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय, ते तिथं दिसलं. त्यानं कुंचा मालूवर रोखला. "ही! हिचा हात लागलाय यंत्राला! बाईमानसानं गंज काढला, सोवळंवोवळं न्हाय! मिस्त्री म्हनतोय, ह्या सुनंला घरात ठेवशीला तर पोराचा बळी घेईन!"

झालं. जयाबाई तशा वाईट नव्हत्या. पण एकुलत्या एका पोराचा बळी म्हटल्यावर कुठली आई शहाणी राहते? येळ्ळूरला निरोप गेला की मालूच्या भावानं रविवारी गाडी घेऊन यावं आणि तिला घेऊन जावं. कायमची. तोवर कारखान्याच्या दाराला भावकूनं मंतरलेला दोरा बांधला, कुणी आत जायचं नाही.

मी मालूकडं गेले तेव्हा ती मागच्या दारी भांडी घासत होती. राखेनं नव्हे, रागानं.

"तुझा नवरा काय म्हणतो?"

"काय म्हणणार? आईकडं बघतात, माझ्याकडं बघतात, आणि भाईर जातात." तिनं पातेलं आपटलं. "बाई, मी जाईन. पण माझ्यावर भूत घालून मला का धाडतात? गावात काय सांगू मी? सासऱ्याला उपाशी मारलं म्हणून टाकली, असं?"

मी म्हटलं, "तू आत होतीस ना सगळा वेळ? काय काय पाहिलंस ते सांग. भुताचं नको, यंत्राचं सांग."

मालूनं हात धुतले आणि दोन्ही तर्जन्या एकमेकींसमोर धरल्या. "दांडा दोन टोकांच्या मधी असा धरत्यात. हे डावीकडचं टोक दांड्यासंगंच फिरतंय. उजवीकडचं फिरत न्हाय, जाग्यावरच ऱ्हातंय, दांडा त्येच्यावर फिरतो. वरडणं उजवीकडनं येतंय. मी कान लावलाय. आखूड तुकड्याला उजवं टोक लागतच न्हाय, तवा वरडत बी न्हाय."

"आणि तेल?"

"सगळीकडं घातलंय हो. पण त्या टोकाला भोकच न्हाय, मग तेल घालायचं कुठं?"

एवढी अक्कल चार इयत्ता शिकलेल्या पोरीला, आणि अख्खी गल्ली त्या कवड्यांपुढं लोटांगण घालत होती! पण उजवं टोक वरडतं म्हटल्यावरही मिस्त्रींच्या शेवटच्या शब्दांचं कोडं राहतच होतं. भावकू म्हणणार, त्या टोकातच मिस्त्री बसलाय. जयाबाईंना काय सांगायचं?

शनिवारी सकाळची शाळा. माझं लक्ष शिकवण्यात नव्हतं. मुलींना मैदानात सोडलं आणि खिडकीशी उभी राहिले. लंगडी चालली होती. आरडाओरडा नुसता.

"मेली गं, मेली! बस खाली!"

"मी न्हाय मेले!"

"मेली म्हंजे मेली! मेलीस तर हलू नगंस, जाग्यावर बस!"

मी खडू टाकला. छत्री विसरले, चपला उलट्या घातल्या, आणि भर रस्त्यानं धावत सुटले. निपाणीच्या बाजारात लोक बघत राहिले, बघू देत! जे हलत नाही, फिरत नाही, जागच्या जागी बसतं ते मेलं. पोरीबाळी रोज म्हणतात. फिरतं ते जितं टोक, न फिरणारं ते मेलं टोक!

"मालू," मी दारातूनच ओरडले, "मिस्त्री स्वतःबद्दल बोलतच नव्हते गं! ते टोकाबद्दल बोलत होते!"

मालूनं कपाळावर हात मारून घेतला. "मेल्याला तेल घालत जा... कोरडं ठेवू नगंस, वरडंल... अगं बया!"

पण करून बघणार कसं? दाराला मंतरलेला दोरा होता, ज्योतिबा दिवसभर कुठं गायब होता, आणि जयाबाईंना सांगून पटलं नसतं. आमचं बरोबर आहे की चूक, हे रविवारी सगळ्या गर्दीसमोरच कळणार होतं. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. चुकलं तर पोरीचं तोंड दोनदा काळं होणार होतं.

रविवारी गर्दी आणखी वाढली. दारात येळ्ळूरची बैलगाडी उभी होती, मालूची ट्रंक त्यात चढली होती, आणि तिचा भाऊ गुंडू खाली मान घालून बैलांच्या पाठी थोपटत होता. भावकू आला, दोरा सोडला. ज्योतिबानं दांडा चढवला. शामूनं चाक फिरवलं. आधी गप्प, मग कण्हणं, मग ती किंचाळी.

"उपाशी हाय मीऽऽ!" भावकू घुमायला लागला.

"बुवा, एक विचारू?" मी पुढं झाले. "भूत गप्प होतं ते मंत्रानं का लोण्यानं?"

"मंत्रानं, मास्तरीणबाई! लोनी आपलं निमित्ताला."

"मग आज लोणी राहू दे. नुसता मंत्र म्हणा."

"व्हय, व्हय! आज नुसता मंत्र!" गर्दी माझ्या बाजूनं झाली. शहाणपण आलं म्हणून नव्हे हो. मोठा चमत्कार बघायला मिळतोय म्हणून.

भावकूला माघार घेता येईना. त्यानं मंत्र म्हटला, कुंचा आपटला, नाचला, घामाघूम झाला. कानडीत दटावलं, मराठीत विनवलं. लेथ आपला किंचाळतोच आहे. उजव्या टोकापाशी धूर निघायला लागला.

"ती बाई हितं हाय तवर न्हाय व्हायचं!" तो मालूकडं बोट करून ओरडला.

मालू तेलाची वाटी घेऊन पुढं आली. "आत्ती, एकदा करून बघू द्या. न्हाय झालं तर मी आपणहून गाडीत बसते."

जयाबाईंनी भावकूकडं बघितलं. बोलला तो ज्योतिबा. "बघू दे, आई," तो म्हणाला, आणि शामूला थांबवून त्यानं स्वतः तो स्क्रू सैल केला. लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोच्या बाजूला उभा राहिला असेल, पण राहिला. दांड्याच्या टोकाला खळगी होती, तिच्यात ते न फिरणारं टोक बसायचं. मालूनं खळगीत तेल सोडलं. ज्योतिबानं स्क्रू बेतानं आवळला.

"मंत्र कुठाय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"मंत्र हवा? मालू, दोनाचा पाढा म्हण," मी म्हटलं.

"बे एके बे," मालू म्हणाली. शामूनं डोळे मिटून चाक फिरवलं. "बे दुणे चार..." दांडा फिरत होता. "बे त्रिक सहा..." पट्ट्याच्या फटफटीशिवाय आवाज नव्हता. पाढा संपला, तरी नव्हता!

मालूनं तेल पुसून काढलं, दांडा पुन्हा फिरवला. किंचाळी. तेल घातलं. गप्प. "ज्याला पायजे त्यानं येऊन करा," ती म्हणाली. शेजारची अक्काताई पदर खोचून पुढं आली, खळगीत तेल सोडलं आणि मंत्राऐवजी "मेल्या, गप बस की!" अशी शिवी हासडली. लेथ गप्प बसला. गर्दी खो खो हसायला लागली.

"मग माज्या लोन्यानं दर डाव गप झालं, त्ये काय खोटं?" भावकू चिडून म्हणाला.

"लोणी खरंच," मालू म्हणाली. "लोणी बी वंगणच की. पण त्यात अंगारा कालवता ना, तो दाखवा." तिनं त्याच्या झोळीतला अंगारा चिमटीत घेऊन चोळला. "आत्ती, तुम्ही बघा. अक्काताई, तुम्ही बघा. ही राख हाय व्हय? ही विटकरीची भुकटी हाय. रोज भांडी घासतो आपण, आपल्याला कळत न्हाय होय? लोण्यानं गप करायचं, आणि भुकटीनं परत वरडायला लावायचं. म्हणजे कोंबडं चालू!" मग ती भावाकडं वळली. "अण्णा, गाडीचा कणा वरडला तर तू काय करतोस?"

"वंगण घालतो," गुंडू म्हणाला.

"देवरशी न्हाय बोलवत?"

"कण्याला कशाला देवरशी?" म्हणता म्हणता गुंडूनं भावकूकडं निरखून बघितलं. "आरं! ह्यो तर जत्रंत गाड्यांस्नी वंगण घालायला बसायचा! माज्याच गाडीला घातलंय त्येनं! कवड्या कवा घातल्यास रं गळ्यात?"

भावकूनं झोळी उचलली आणि गर्दीतून वाट काढली. कालपर्यंत जे त्याच्या पायाची माती घेत होते, तेच आता त्याच्या अंगावर माती फेकत होते. मला तेही आवडलं नाही. विचार न करता पाया पडायचं आणि विचार न करताच दगड मारायचा, ह्यात सुधारणा ती कसली?

मी जयाबाईंपाशी जाऊन बसले. त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. फिरणारं टोक ते जितं, न फिरणारं ते मेलं. ते कोरडं पडलं की लोखंडावर लोखंड घासतं, तापतं आणि वरडतं. बेळगावला माझा भाऊ असतो, त्यानं पुढं सांगितलं की इंग्रजीतही त्याला 'डेड सेंटर', म्हणजे मेलेलंच टोक म्हणतात. मिस्त्रींनी आपलं मराठी केलं होतं, इतकंच. मी जयाबाईंना म्हटलं, तापात मिस्त्रींच्या डोक्यात अर्धवट राहिलेलं काम होतं, आणि जवळ तुम्ही होता, म्हणून तुम्हाला सांगितलं.

जयाबाईंनी माझा हात घट्ट धरला.

"बाई, म्हंजे... ते उपाशी न्हाईत?"

"नाहीत हो, जयाबाई."

"वरडत बी नव्हते?"

"कधीच नाही."

त्या जी रडायला लागल्या, ते मला बघवेना. रडता रडताच उठल्या, गाडीपाशी गेल्या आणि मालूची ट्रंक स्वतःच्या हातानं उतरवायला लागल्या. "चुकलं गं माझं, बाळा," म्हणाल्या. ट्रंक जड होती. दुसऱ्या बाजूनं मालूनं धरली.

कोंबडी गेली, बोकड गेला, त्याचं मला काही नाही. पण नवरा भुकेनं ओरडतोय असं एका विधवेला सांगून तिची झोप ज्यानं खाल्ली, त्यानंच खरी करणी केली. जगात करणी असलीच तर ती एवढीच आहे. म्हणून सांगते, मेलेल्याची भूक घेऊन कुणी तुमच्या दारात आला तर घाबरू नका, विचारा. तुला कसं कळलं? दाखव. आणि आमच्या हातानं करून बघू दे. खरं असेल तर विचारल्यानं त्याचं काही बिघडत नाही. पण घरातल्या जित्या माणसाला बाहेर काढा असं जो सांगेल, त्याला काही विचारायचीही गरज नाही. आधी त्यालाच बाहेर काढा.